उजव्या कुशीवर

सुई काढल्यावर सिस्टर म्हणाली,
सहा तास उजव्या कुशीवर.
म्हणून वैजू भिंतीकडे तोंड करून,
आणि मी खुर्चीत, तिच्या पाठीशी बोलत.
खिडकीत शेफील्ड, चढावर चढाव,
मार्च असून गारा.

अकरा वर्षांपूर्वी याच इमारतीत, दोन मजले खाली,
ती पाच वर्षांची होती. डोक्यावर एक केस नाही.
रक्ताच्या पिशव्या येत. मी वहीत लिहून ठेवी:
तारीख, वेळ, लाल,
की फिक्या हळदीच्या पाण्यासारखी पिवळी.
एकतीस झाल्या.
देणाऱ्याचं नाव सांगत नसत,
म्हणून पिशवीवरच्या आकड्याला नमस्कार करी.

औषधांनी लिव्हर जरा रुसलंय, डॉक्टर ऑल्डरॉइड म्हणत,
गोळ्या बंद करू दोन आठवडे, मग बघू.
आकडे चढत, उतरत, परत चढत.
हे फोनवर मिरजेला कसं सांगायचं?
यकृत म्हटलं तर सासूबाई म्हणत, नीट मराठीत सांग.
काळीज म्हटलं तर रडत.
एकदा चुकून कावीळ म्हणाले,
तर पोस्टानं काविळीची माळ आली,
गळ्यात घातली की वाढत वाढत पोटाशी येते ती.
कस्टमच्या हिरव्या चिठ्ठीवर लिहिलेलं: खेळणं.
वैजूनं बाहुलीला घातली.
तिच्याही गळ्यात ती वाढली.

मग गोळ्या संपल्या. केस आले, आधी कुरळे.
पेढे वाटले वॉर्डात, मॉरीन सिस्टरला दोन.
दर तपासणीत तो एक आकडा किंचित वर,
कुणीतरी म्हणे, जुन्या औषधांचा असेल.
आम्हीही म्हणालो, असेल.
एवढं मोठं गेल्यावर
उरलेल्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं?

जानेवारीत पत्र आलं.
कुणा एका दात्याच्या रक्तात विषाणू सापडलाय,
तेव्हा त्याची चाचणीच नव्हती,
त्याच्या जुन्या पिशव्या कुठे कुठे गेल्या ते शोधत
ते आमच्या दारापर्यंत आलेत.
हिपॅटायटिस सी. कृपया घाबरून जाऊ नये.

वही काढली. एकतीसांतली कुठली?
बोट फिरवत आठ ऑक्टोबरवर थांबले, रात्रीचे दोन,
नाकातलं रक्त थांबत नव्हतं, टॉवेल संपले होते.
ती असेल तर?
ती आली नसती तर?

त्या माणसाला मी पाहिलेलं नाही.
रॉदरहॅमचा असावा, असं आपलं मी ठरवलंय.
मोठे पंजे, बंद पडत चाललेली खाण,
चर्चच्या हॉलमध्ये बाही वर करून पडलेला,
मग चहा, दोन बिस्किटं, उलट्या वाऱ्यात सायकल.
त्यालाही पत्र गेलं असेल, आमच्याआधी.
शिवी द्यायला तोंड उघडते
तर आतून तो जुना नमस्कार येतो,
आणि दोन्ही घशात एकमेकांना जाऊ देत नाहीत.

"आई," भिंतीकडून आवाज, "काळीज म्हणजे हार्ट ना?"
हो. म्हणजे, नाही.
खाटकाकडे लिव्हर. घरात हार्ट.
"तुम्ही लोकांनी कधी ठरवलंच नाही?"
नाही ठरवलं.
काळजाचा तुकडा म्हणायचे मी हिला.
आज तिचाच एक नेलाय त्यांनी,
काडेपेटीतल्या काडीएवढा, बाटलीत घालून, खाली.
हे तिला सांगते तर ती हसते,
मग दुखतं, मग म्हणते, हसवू नकोस ना,
किती राहिलं?

साडेतीन तास.
वही पर्समध्ये आहे. शेवटची अकरा पानं कोरी,
कधी वाणसामानालाही वापरली नाहीत मी.

"गारा थांबल्या का गं? मला इथून दिसत नाही."
बसल्या जागेवरून थांबल्या म्हणणार असते,
मग उठते, खिडकीशी जाऊन बघते,
आणि सांगते, पडतायत अजून.
बारीक.