झाकली मूठ

वाचनालय सहाला बंद होतं.
पावणेसहाला डेलेनी स्टिडम तीन नंबरच्या संगणकापाशी,
जॅकेट अंगातच,
दुकानातला नावाचा बिल्ला अजून छातीवर.

नियम असा आहे, मी तिच्या खांद्यावरून वाचला:
परीक्षेनंतर नऊ दिवसांत,
म्हणजे मार्क कळायच्या आधी,
चार कॉलेजांना गुण फुकट पाठवता येतात.
त्यानंतर दर कॉलेजामागे चौदा डॉलर.
झाकली मूठ फुकट.
उघडलीत, की मोजा.

तिनं तेव्हा जवळची चार नावं टाकून दिली होती,
पेट्रोलच्या एका टाकीत जाऊन येता येईल अशी.
तिला काय ठाऊक, मूठ उघडल्यावर
आत चौदाशे सत्तर निघतील.
केंटकीच्या या खोऱ्यात एवढे कुणाला पडल्याचं
मला तरी आठवत नाही, आणि मी इथे
एकवीस वर्षं पुस्तकांवर तारखा उठवतेय.

आता वहीत सहा नवी नावं.
त्यांतली दोन समुद्राकाठची. समुद्र तिनं पाहिलेला नाही.
चौदा सक चौऱ्याऐंशी,
पण ती डॉलरात मोजत नाही, तासांत मोजते:
एका नावाला दीड तास,
फळीवर शांपूच्या बाटल्या लावत.

माफीचा फॉर्म असतो, मी म्हटलं.
त्यावर घरच्या कमाईचा आकडा लिहावा लागतो.
"तो आकडा बाबा कुणालाच सांगत नाही,"
एवढं बोलून तिनं एक नाव खोडलं.
मग आणखी एक.
पेननं खोडलं, पेन्सिल शेजारीच असताना.
ते मला लागलं.

शनिवारी वर्नल स्टिडम स्वतः आला, पोरीला घेऊन.
ओंडक्यांचा ट्रक बाहेर, इंजिन चालूच,
अंगाला ओल्या सालीचा वास.
टोपी काढली. नोटा काउंटरवर ठेवून
तळहातानं एकेक सपाट केली.
"सगळी सहा. खोडायला तिला कुणी सांगितलं?"

तिथे रोख चालत नाही.
म्हणून माझं कार्ड, त्याच्या नोटा.

"कागद जातो का?"
नाही.
"माणूस जातो घेऊन?"
नाही.
"मग जातं काय?"
चार आकडे, म्हटलं. तारेतून.
लाकूड फुटावर विकणारा माणूस तो,
हिशेब ओठांवरच असतो.
"म्हणजे आकड्याला साडेतीन डॉलर,"
आणि जरा थांबून,
"त्यात शेवटचं तर शून्यच आहे."

डेलेनी हसली नाही. ती बटण दाबत होती.
सहाव्यांदा दाबलं तेव्हा त्यानं विचारलं, "पोचलं?"
पडद्यावर लिहिलं होतं,
पोचायला दोन आठवडेही लागू शकतात.
ते त्यानं दोनदा वाचलं.
"चिठ्ठीवर लिहून द्या मला.
आज रात्री निघालो तर बुधवारच्या आत
सहाच्या सहा दारांत नेऊन टाकतो."
"डिझेल चौऱ्याऐंशीच्या वर जाईल, बाबा."
"जाऊ दे. कुठे गेलं ते तरी दिसेल."

पावती छापून दिली.
छपाई पानाला दहा सेंट.
राहू द्या, मी म्हटलं.
त्यानं कागदाची चौघडी केली,
सदऱ्याच्या खिशात घातली, वरचं बटण लावलं,
आणि दोघं गेली.

ट्रक वळणाआड गेला,
काचा थरथरायच्या थांबल्या,
तेव्हा मी तारखेचा शिक्का उचलला.
खाली दहा सेंटचं नाणं होतं.