अळणी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर खारवलेल्या कॉडचा कारखाना.
खालच्या मजल्यावर मीठ फावड्यानं पडतं.
वरच्या मजल्यावर ते कमी पडलंय,
हे सुन्वाला कळलं तेव्हा दोन वाजले होते,
जूनमधले रात्रीचे दोन,
म्हणजे खिडकीत उजेड होताच.

तीनशे बारा माणसं, तीनशे बारा ओळी.
प्रत्येक नावापुढे एक हॅश:
पासवर्डचं वाटण, इतकं बारीक
की पाट्यावरून पुन्हा खोबरं वेचता येऊ नये.

ओळ एकोणचाळीस. ओळ दोनशे सहा.
शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारख्या.

एकोणचाळीस म्हणजे हानुस,
लांब दोरांच्या बोटीवर, सध्या आइसलंडच्या दक्षिणेला.
दोनशे सहा म्हणजे मार्यून,
वजनकाट्यावर, नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो.

प्रोग्रॅम आबसालोनचा, सी भाषेतला, सव्वीस वर्षांपूर्वीचा.
प्रत्येक पासवर्डला वेगळं मीठ लावायचं असतं
हे त्यानं कुठेतरी वाचलं असणार, अर्धंच.
दोन अक्षरं लिहून ठेवली, कायमची,
त्याच्या कुत्र्याच्या नावाची पहिली दोन.
तोच खडा सगळ्यांच्या पानात.
आता तो स्विनॉयला मेंढ्या राखतो, फोन उचलत नाही.

शब्द कोणता, हे सुन्वाला कळलं नव्हतं.
दोघांचा एकच आहे, एवढंच.
असल्या जुन्या हॅशला किती वेळ लागतो,
यंत्र रिकामंच होतं, एका रात्रीत उकललं असतं.
तिनं कॉफी ठेवली.
किटली शिट्टी देईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मग लिहायला बसली.
घड्याळाचा सेकंद पेरून आकडा उगवायचा नाही:
पगाराच्या दिवशी एका सेकंदात
चौघं दार ठोठावतात.
कर्नेलकडे सोळा बाइट मागायचे,
आणि सोळाच मिळाले का, हे मोजून घ्यायचं.
ही भाषा कुणाचं बोट धरत नाही.
बारा दिले तर बारा घेऊन मुकाट पुढे जाते,
उरलेल्या चार जागी
आधी राहून गेलेल्या कुणाचातरी केर.
शेवटी शून्य. ते राहिलं
तर आपली ओळ शेजाऱ्याच्या घरात शिरते.

आणि हे मीठ लपवायचं नसतं.
हॅशच्या शेजारी उघडं ठेवायचं, कुणीही बघावं.
गुपित ते नाहीच.
त्याचं काम एवढंच,
की सारखी गुपितं
सारखी दिसू नयेत.

पण जुन्या ओळीला मागाहून मीठ लावता येत नाही.
माणसानं यावं लागतं, आपला शब्द पुन्हा टाकावा लागतो,
तेवढ्या क्षणात नवं वाटण.

मार्यून मंगळवारी आली, सहा वाजून चार मिनिटांनी.
दोनशे सहा बदलली.
एकोणचाळीस तशीच राहिली, अकरा दिवस,
एकटी, अळणी.
सुन्वा रोज सकाळी आधी तीच ओळ बघायची
आणि स्वतःवर चिडायची.
बाराव्या दिवशी उपग्रहावरून, भर वादळात,
हानुसनं पगाराची चिठ्ठी उघडली.

आता ओळी अशा, की जणू
कधी एका खोलीत नव्हत्याच.

राहिली बॅकअपची टेप, मेच्या अखेरची.
कपाटात, गमबुटांमागे.
टेप नष्ट करायची रीत आहे, दोन सह्या लागतात,
फॉर्मवर कारण लिहावं लागतं.
सुन्वा ती खिशात घालून खाली गेली,
डबी उघडली, फीत ओढून काढली
आणि खारवणाच्या पिंपात बुडवून
फावड्याच्या दांड्यानं दाबून धरली.

काट्यापाशी मार्यून हातमोजे उलटे करून झटकत होती.
"काहीतरी बदललंत म्हणे वरती.
मला नवा पासवर्ड घ्यावा लागेल का?"

"नाही," सुन्वा म्हणाली. "आहे तोच चालेल."