कांदीहून फोन

पोरगी सहावीत. भूगोलाचं पुस्तक पालथं ठेवून विचारते,
"बाबा, बेनिन कसा हाये? यात त एकच ओळ हाये."

मी पान्याच्या टोकानं अंगणात रेघ ओढतो.
उभा, लांबट देश. खाली समुद्र, वर नायजर नदी.
किनाऱ्यावर रुंदी किती, तर वणी ते नागपूर.
सकाळी गाडी धरली तर जेवणाआधी
एका परदेशातून दुसऱ्या परदेशात.
राजधानी एका गावात, सरकार दुसऱ्या.
"म्हंजे आपल्या नागपूरच्या अधिवेशनासारखं?"
नाही गं, ते तर दोन हप्त्यांत परत जातात.

मग वर, आणखी वर,
कोटोनूपासून दीड दिवस ट्रकवर.
अननस संपतात, ताडासारखी तेलाची झाडं संपतात.
रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत पेट्रोल,
उन्हात मधासारखं; आपला पानठेलेवाला प्लास्टिकच्या विकतो.
कांदी येतं तेव्हा दोन्ही अंगांना कापूस फुटलेला.
उतरल्या उतरल्या मी एक बोंड चाचपलं,
पाहुण्याच्या घरी आधी लेकराचं डोकं चाचपतात तसं.
धागा बरा. कचरा कमी. हातानं वेचलेला.

दोन हंगाम. चोवीस रेचे.
डिसेंबरात वाळवंटाकडून वारा यायचा, ओठ फुटायचे,
सूर्य पिठात पडलेल्या नाण्यासारखा.
संध्याकाळी बाया एकाच उखळात तिघी-तिघी
कोनफळासारखा कंद कुटत. मुसळ मुसळाला लागत नसे.
गुरं घेऊन फिरणारे पल लोक जात,
आपल्याकडचे रबारी जातात तसेच, मान न वळवता.

आणि बारिबा. त्यांच्या नावातच नंबर असतो.
पहिला मुलगा ओरू, दुसरा साबी, तिसरा बिओ,
चौथा बोनी, पाचवा सानी.
माझ्या हाताखालचा बिओ. त्यानं बोटं नाचवून विचारलं, तू कितवा?
मी पंजा उघडला.
पासपोर्टावरचा दौलत आत्राम सुटकेसच्या तळाशी राहिला.
"पोरीईचे?"
पोरींची नावं वेगळी. ती मी विचारलीच नाहीत.
ती पेन्सिल चावते. काही लिहीत नाही.

गाठी? गाठी खाली बंदराला, तिथून जहाजात.
सूत कातताना मी तिथं कोणाला पाहिलं नाही.
त्याच बंदरावरून जुन्या कपड्यांच्या गाठी वर येत.
बिओच्या अंगात कुठल्याशा शाळेचा हिरवा स्वेटर,
खिशावर घुबड. सरकीची धूळ त्या घुबडाच्या डोळ्यांत.
एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोन्ही गाठी
एकाच काट्यावर चढवल्या. कोणती जड निघाली
ते आता आठवत नाही. हसलो मात्र खूप.

फोन वाजतो. साडेसात. तिथले तीन.
"सानी!"
पुढचं फ्रेंच मला कळत नाही, त्याला ते ठाऊक आहे.
तो फोन मशीनवर धरतो.

अंगणात रेचा सुरू होतो.
शेजारचं कुत्रं उठतं. पोरगी पुस्तक बंद करते.
मी डोळे मिटतो:
रोलर ठीक. चामडं तापलेलं नाही. पट्टा ठीक.
पण दर चौथ्या फेऱ्याला एक बारीक टक्.
पान्यानं मी पायरीच्या दगडावर वाजवून दाखवतो,
टक्. टक्. मग डावीकडे, डावीकडे, गोश!
तेवढा एक शब्द माझ्याकडे आहे.
तिकडे मशीन थांबतं. माणसं ओरडतात. कोणीतरी खोकतं.

"काय म्हनत होता थो?"
काही नाही. बुश गेलंय.
ती खाली वाकते, माझ्या रेघेवर, वरच्या टोकाशी
बोटानं एक खड्डा पाडते
आणि त्यात सरकी ठेवते.