दोन्ही दिवे हिरवे

क्लाक्सविकचा धक्का, पहाटेचे तीन वीस.
कॉड कापणारे हात रबरी हातमोज्यांत थांबलेत.
वजनकाटे आकडे सांगताहेत,
बंदरापलीकडच्या कचेरीत ते पोचत नाहीत.
ट्रॉलर अर्धा भरलेलाच, बर्फाचं पाणी होतंय,
आणि बाइनिर जिन्याखालच्या कपाटात
मांडीवर लॅपटॉप घेऊन अवघडून बसलाय.

केबल धड आहे.
बंदराच्या तळातून गेलेली काच,
केसाएवढी, शाबूत.
दोन्ही टोकांना दिवे हिरवे.
हाच तर वैताग, तो फोनवर म्हणतो,
लाल असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

पलीकडे मार्यून, शीतघराच्या माळ्यावर,
लोकरीची टोपी कानांवर ओढून.
तिथला म्हातारा स्विच काल संध्याकाळी
खाऱ्या हवेनं गेला. तिनं नवा बसवला.
तुझं पोर्ट कशावर आहे?
ऑटोवर.
माझंही.
मग दोघंही थोडा वेळ गप्प.

ऑटो म्हणजे, तू हाक मार, मी ओ देतो.
मनात नाही असं नाही,
फक्त पहिला शब्द माझा नको.
उंबऱ्याशी दोन पाहुणे,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही,
आणि आत पानं वाढून गार झालेली.
दोन ऑटो समोरासमोर आले
की एकच अरुंद वाट उरते,
एकाच व्हीलॅनची, बिनचिठ्ठीची.
बाकीचे सगळे, काटे, कॅमेरे, भिंतीवरचे फोन,
अलीकडच्या काठावर.

मी मारते हाक, मार्यून म्हणते.
तिचं पोर्ट आता आग्रही.
सेकंदा-सेकंदाला विचारतंय,
ट्रंक होऊ या? होऊ या?
बाइनिरचं ऐकतंय.
ऐकतंय आणि ढिम्म.

वर फोरमनचे बूट जिना वाजवून गेले.
बाइनिर नोंदी वाचत खाली सरकतो,
आणि एका ओळीपाशी थांबतो.
घोडं इथं पेंड खातंय.
डोमेन जुळत नाही, म्हणे.
त्याच्या स्विचमध्ये अजून लिहिलेलं आहे
हावब्रिम, सगळी अक्षरं मोठी.

हावब्रिम बुडून दहा वर्षं झाली.
कारखाना विकला, पाटी उतरवली,
पगारपत्रकावर नव्या कंपनीचं लांबलचक नाव आलं.
दोन म्हातारे स्विच मात्र
तेच जुनं नाव सांगून
एकमेकांना ओळखत राहिले.
आता पलीकडे नवा आला, नवं नाव घेऊन.
परक्या गोत्राची हाक, म्हणून हा ओ देईना.

हे नाव मी घातलेलं, बाइनिर म्हणतो.
एकोणिसाव्या वर्षी. नोकरीचा पहिला आठवडा.
एका बोटानं टाइप करत होतो.
मार्यून काही बोलत नाही.
तिच्या बाजूनं नुसता पंख्यांचा आवाज.

तो खोडतो. नवं लिहितो,
एकदा स्पेलिंग चुकतं, पुन्हा लिहितो.

तीन सेकंद. चार.
पोर्ट पडतं, उठतं.
ट्रंक.
आता एकाच काचेतून सगळे,
प्रत्येकाच्या खिशात चार बाइटांची चिठ्ठी,
मी काट्याचा, मी कॅमेऱ्याचा, मी फोनचा.
कचेरीत पहिला आकडा उमटतो,
बेचाळीस किलो सहाशे.
वरती पट्टा सुरू झाल्याची घरघर.

झोपायचं नाही अजून, मार्यून म्हणते.
आता बोलणी बंद कर. दोन्हीकडे ट्रंक पक्कं,
विचारायचं नाही, सांगायचं नाही.
नाहीतर उद्या कुणीही जिन्याखाली येईल,
वायर खुपसेल, आपलं नाव सांगेल, गोड बोलेल,
आणि तुझं हे भोळं पोर्ट त्यालाही ओ देईल.

बरोबर आहे, तो म्हणतो, आणि करतो.
दिवे तेव्हाही हिरवे होते, आत्ताही हिरवेच.

कपाट लावताना
दाराच्या आतलं हावब्रिमचं स्टिकर दिसतं,
एक कोपरा सुटलेला.
अंगठ्यानं तो दाबून बसवतो.