कुत्रा धरा

नरमंदाखने पहिल्यांदा दार वाजवलं तेव्हा
बाहेरूनच ओरडली, "कुत्रा धरा!"
माझ्याकडे कुत्रा नाही.
तिसरा मजला, अरोरा, कोलोरॅडो,
पाळीव प्राण्याचे महिना पस्तीस डॉलर वेगळे.
"तरी म्हणायचं असतं," ती म्हणाली
आणि बूट न काढता पश्चिमेच्या भिंतीशी बसली.

मी तिला तिचं गाव विचारलं.
अर्वाइखेर.
शहर आहे, तिने बजावलं, गाव नव्हे.
मग माझ्या ओट्यावरचं मीठ घेऊन
टेबलावर शहर मांडलं:
हे कुंपण, हे शेजाऱ्याचं कुंपण,
आत गोल तंबू, दार दक्षिणेला.
पत्ता कशाला?
कोणाची घोडी कुठल्या रंगाची, एवढं ठाऊक असलं की झालं.

रंग किती?
तिने बोटं मोडायला घेतली. तिची संपली, माझी घेतली.
मला आठवले काळा, पांढरा, अबलख,
आणि पंचकल्याणी, तोही ऐकीव.

मग ती मला माझ्याच शहराची ओळख करून देऊ लागली,
जिथे मी अकरा वर्षं राहते.
कोलफॅक्स रस्ता म्हणजे कोरडा ओढा,
सगळे कळप शेवटी तिथे उतरतात.
टायरवाल्याच्या गच्चीवर जाळीखाली सुकतंय ते दही,
दगड झालेलं;
चावायचं नसतं, गालात धरून
घरच्यांबद्दल बोलायचं असतं.
आकाश हिरवट झालं की
तिच्या ओळखीच्या सगळ्या गाड्या
कोणी न सांगता पुलाखाली जातात,
गारांआधी मेंढरं आडोशाला न्यावीत तशा.
त्या वर्षी फक्त माझीच काच फुटली.
पुढच्या वर्षी नाही.

ऑक्टोबरात मला ओमाहाला नोकरी लागली.
आमच्यात जाते म्हणत नाहीत.
मी म्हटलं, येते.
तिने विचारलं, कधी?

सामान भरेपर्यंत ती पार्किंगमध्ये उभी,
हातात डाव, डावात दूध,
सुपरमार्केटचं, दोन टक्के फॅटवालं.
गाडी हलली तसं तिने मागून शिंपडलं.
वायपर आहे त्या काचेला.
नेब्रास्काची हद्द ओलांडली
तरी मागचं सगळं पांढुरकंच दिसत होतं.

नव्या इमारतीत किल्ली घ्यायला
मॅनेजरच्या दारावर थाप मारली
आणि तोंडातून गेलं, मराठीतच,
"कुत्रा धरा."

आत काहीतरी भुंकलं.