जर्मनचा गंज

पहिल्यांदा शेळीमुळे.
मांढऱ्याची गाभण शेळी, पल्याड पोचवायची होती.
ऐन धारेत उभी झाली अन् एका अंगाला सरकली.
डोंग्याच्या कडेवरून वैनगंगा आत आली,
पायलीभर, मग दोन पायल्या.
सीतकुरा म्हणाला, "हालू नोको गा."
मी नव्हतोच हालत. शेळीला कोण सांगणार?

दुसऱ्यांदा चूक माझी.
फळ्यांमधलं डांबर चैतात उललं होतं,
मी तिथं लुगड्याची चिंधी कोंबली, वरून मेण,
आणि कोणाला बोललो नाही.
अर्ध्या नदीत चिंधी सुटून तरंगू लागली
सीतकुराच्या पायाजवळ.
त्यानं आधी चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग जर्मनचा गंज उचलला.
उपसणं त्याचं, वल्हं माझं,
शिव्या त्याच्या, मोजणं माझं.
दोनशे अकराव्या गंजाला
बुडाखाली रेती करकरली.

तिसऱ्यांदा धरण भरल्यावर, पुसाच्या धुक्यात.
डोंगा कशावर तरी चढला,
तिरपा झाला, तसाच राहिला.
पाणी सावकाश आत येत होतं, ओळखीचं असल्यासारखं.
सीतकुरानं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं.
"चिच होय," म्हणाला. "सयाबाईच्या दारची."

शेंडा होता तो.
लहानपणी तिथवर
आमच्यातलं कोणीच चढलं नव्हतं.

पाणी घोट्यावर आलं, पोटरीला लागलं.
गंज माझ्या मांडीवर, पालथा.
खाली सगळं गाव,
आणि आम्ही दोघं चिंचेवर.

मग तोच म्हणाला,
"उपस ना बे."