अंगण वाकडं

चित्रांना नऊ. संगीताला साडेआठ.
बर्फाच्या डोंगरातल्या त्या म्हाताऱ्या नागिणीला
मी दहापैकी अकरा दिले असते,
इतकी ती मरताना घाई करत नाही.
इथवर परीक्षण सोपं होतं.

मग आला नियंत्रणांचा परिच्छेद.
या खेळात बटणं जवळजवळ नाहीत.
हातातली कांडी फिरवली की तलवार फिरते,
तिरकी तर तिरकी, आडवी तर आडवी.
ती खाली धरली की कंदील होते.
पहिल्या रात्री मी छताचा दिवा फोडला,
दुसऱ्या रात्री खांदा धरला,
आणि रीस्तोला कळवलं : कांडी ऐकत नाही.
संपादकाचं उत्तर दोनच शब्दांचं :
नाचता येईना...

शनिवारी सगळं खोक्यात भरून सावोनलिन्नाला, बाबांकडे.
नोव्हेंबर. तीन वाजता काळोख.
गोठावं की गोठू नये, तळ्याचं ठरत नव्हतं.

बाबांचं नाव तैस्तो. आमच्यात त्याचा अर्थ लढाई.
अडतीस वर्षं ते साइमावर
ओंडक्यांचे तराफे ओढणारी बोट हाकत.
आता उजवा हात वेगळाच कुठला रेडिओ ऐकतो,
अंगठा आणि तर्जनी
न दिसणारी गोळी वळत बसतात, दिवसभर.

कांडी त्यांनीच मागितली.
मी कॉफीचं टेबल भिंतीला सरकवलं.

आणि बघते तर
तलवार चालवताना हात कापतच नाही!
(हलता हात बरा, थांबलेला बिघडतो,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.)
तीन लांडगे. एक दगडी राक्षस.
ज्या नदीत मी सात वेळा बुडाले
ती त्यांनी एका दमात वल्हवली.
"मनगटानं नाही," म्हणाले, "पाठीनं."
हे वाक्य परीक्षणात घेतलंय, नाव न देता.

मग तिसरं मंदिर.
इथे शत्रू नाही.
दारासमोर उभं राहायचं, कंदील धरायचा,
दहा मोजून होईतो हलायचं नाही.
तीन, चार, पाच,
आणि गोळी वळणं सुरू. ज्योत गेली.
पडद्यावर पाटी : हात स्थिर ठेवा.
पुन्हा. हात स्थिर ठेवा.
एकेचाळीस वेळा. मोजलं मी, मोजणं माझं कामच आहे.

बाबा चिडले नाहीत.
"ज्यानं हे दार केलंय," ते म्हणाले,
"त्याचं वय काय असेल गं?"

वहीत लिहिलं :
इथे अंगणच वाकडं आहे.

साउना झाली. राईचा पाव, लोणी, कॉफी.
पुन्हा खुर्चीत बसले, दोरी मनगटाला अडकवून,
कांडी मांडीवर,
आणि बोलता बोलता डोळा लागला.

झोपेत हात थांबतो.
हे मला ठाऊक नव्हतं.
आईला असणार; ती कधी बोलली नाही.
आधी अंगठा थांबला, मग तर्जनी,
मग सगळा हातच किनाऱ्याला लागला,
आणि पडद्यावर ज्योत
सरळ झाली.
आठ.
नऊ.
दार दगडी होतं, आवाज मोठा होणार,
मी धावत जाऊन तो बंद केला.

आत काय आहे ते या परीक्षणात नाही.
मी गेले नाही. दार माझं नव्हतं.
नायक उंबऱ्यावर उभा,
त्याचा कंदील जरासा वर, जरासा खाली,
बाबांच्या श्वासाबरोबर.

सोमवारी दहापर्यंत गुण हवेत.
खोक्यावर लिहिलंय, खेळ तेवीस तासांचा.
आम्हाला जास्त लागतील.

खोलीतला दिवा मालवला.
आतला राहू दिला.